बेझटीएफआर: सोलापूरच्या प्रजनन दराचा अंदाज बांधायला कितपत उपयोगी?

सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याचा किंवा समाजगटाचा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांतला प्रजनन दर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणाऱ्या मुलांचा आकडा, काढायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी एक्सेल उघडतं. दोन जनगणनांचे आकडे घ्यायचे, त्यांतून सरळ रेघ ओढायची, आणि ती बाईमागे एका मुलाच्याही खाली गेली की साहेबांना बरं वाटेल इतकी वर उचलायची. हा प्रकार टाळायचा असेल तर फुकट मिळणाऱ्या साधनांत सगळ्यात भक्कम म्हणजे 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं बेझटीएफआर (bayesTFR) हे पॅकेज. ते वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालं. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या विभाग देशोदेशींचे अंदाज याच पद्धतीने काढतो. देशाच्या आतल्या प्रदेशांसाठी त्यात वेगळी सोय आहे, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या सोयीचं आहे.

गुण आधीच सांगून टाकू: पॅकेजला पाचपैकी चार. पण जसंच्या तसं सोलापूरला लावलं तर अडीच. मधला दीड गुण जवळजवळ सगळा एका आकड्यापायी जातो, आणि तो आकडा वापरणाऱ्याला बदलता येतो.

आधी आतली रचना थोडक्यात. एकूण प्रजनन दर, म्हणजे टीएफआर, तीन टप्प्यांतून जातो असं हे पॅकेज मानतं: आधी उंच पठार, मग उतार, मग खालच्या पातळीवरचे चढउतार. भारत अजून दुसऱ्या टप्प्यात धरला जातो, कारण तिसरा टप्पा लागायला दर दोनच्या खाली असताना सलग दोन पंचवार्षिक कालखंडांत वाढ दिसावी लागते. पॅकेज एक आकडा देत नाही. शेकडो-हजारो संभाव्य मार्ग देतं. त्यांतून मधला मार्ग आणि ८० किंवा ९५ टक्क्यांचा पट्टा काढायचा. उतार किती वेगाने होईल हे ते भारताच्या स्वतःच्या आकड्यांवरून ठरवतं, आणि जिथे आपला डेटा अपुरा तिथे इतर देशांच्या अनुभवाचा आधार घेतं.

प्रदेशांसाठीची युक्ती मात्र अगदी साधी आहे. प्रदेशाचा दर भागिले देशाचा दर, हा झाला गुणक. देशाच्या प्रत्येक मार्गाला पुढच्या काळातल्या गुणकाने गुणलं की प्रदेशाचा मार्ग मिळतो. गुणक पुढे असा सरकतो: आजच्या गुणकातून १ वजा करायचा, उरलेल्या फरकाला ०.९२५ ने गुणायचं, परत १ मिळवायचा आणि वर ०.०४५ प्रमाण विचलनाचा यादृच्छिक धक्का द्यायचा. हे दर पाच वर्षांनी एकदा. म्हणजे फरक दर पाच वर्षांत साडेसात टक्क्यांनी मिटतो. पंचवीस वर्षांनी मूळ फरकाचा दोन तृतीयांश भाग शिल्लक राहतो. एवढं गणित कॅल्क्युलेटरवरही होतं.

पॅकेज 'प्रदेश' म्हणतं, पण त्याला प्रदेश आणि समाजगट यांतला फरक कळत नाही. प्रत्येक ओळीला एक वेगळा क्रमांक दिला की झालं. त्यामुळे ते धर्म, शिक्षण, शहर-ग्रामीण अशा गटांनाही लावता येतं. लावावं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे जुने आकडे घेऊन तपासता येतं. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत देशाचा दर ३.४ आणि मुस्लिम समाजाचा ४.४ होता, गुणक १.२९. पाचवी फेरी २०१९-२१ ची, म्हणजे मध्ये साधारण २७ वर्षं. वरच्या सूत्राने गुणक १.१९ यायला हवा. प्रत्यक्षात मुस्लिम दर २.३६ आणि देशाचा २.० आला, म्हणजे १.१८. देशांतर्गत भूभागांवर बेतलेलं सूत्र समाजगटावर इतकं बसेल अशी अपेक्षा नसते. एका तपासणीने सिद्ध काही होत नाही, पण गटांमधली दरी किती सावकाश मिटते याचा अदमास बरोबर आहे. 'अमुक समाजाचा दर कधीच खाली येणार नाही' आणि 'पाच वर्षांत सगळे सारखे होतील' ही दोन्ही भाकितं त्यात बसत नाहीत.

आता तो दीड गुण खाणारा आकडा. सूत्रातला '१', म्हणजे सगळे प्रदेश अखेरीस देशाच्या सरासरीकडे जाणार हे गृहीतक. महाराष्ट्र तसा वागलेला नाही. पहिल्या फेरीत राज्याचा दर २.९, देशाचा ३.४: गुणक ०.८५. तिसऱ्या फेरीत २.१ आणि २.७: ०.७८. चौथीत १.९ आणि २.२: ०.८६. पाचवीत १.७ आणि २.०: पुन्हा ०.८५. जवळजवळ तीन दशकं राज्य आहे तिथेच आहे, कारण देशाचा दर उतरला तसाच आपलाही उतरत गेला. सूत्राला विचारलं तर या काळात ०.८५ चं ०.९० व्हायला हवं होतं. पुढच्या पंचवीस वर्षांसाठीही ते तेच सांगेल. समजा तेव्हा देशाचा मधला मार्ग १.८ वर असेल. मूळ सेटिंगने महाराष्ट्र १.६२ येतो, गुणक जागच्या जागी ठेवला तर १.५३. फरक किरकोळ वाटतो, पण जन्मांच्या संख्येत तो सहा टक्क्यांचा आहे आणि दरवर्षी एकाच दिशेने चुकतो.

उपाय सोपा आहे. प्रादेशिक अंदाजाच्या फंक्शनला 'एआर.पार्स' नावाचा पर्याय आहे. त्यात म्यू (सूत्रातला १), ऱ्हो (०.९२५) आणि सिग्मा (०.०४५) असे तीन आकडे असतात. म्यू १ ऐवजी ०.८५ द्यावा, बाकीचे दोन तसेच ठेवावेत. मात्र हा म्यू पॅकेज एकदा चालवताना दिलेल्या सगळ्या ओळींना लागू होतो. म्हणून महाराष्ट्र आणि त्यातले जिल्हे एका वेळी चालवावेत, देशपातळीवरचे समाजगट वेगळे. दोन्ही एकाच फाइलमध्ये कोंबू नयेत.

तालुक्यांसाठी आणि शहरातल्या गटांसाठी याहून चांगली रीत दोन पायऱ्यांची. आधी महाराष्ट्राचे मार्ग काढून घ्यायचे. मग त्या प्रत्येक मार्गावर 'सोलापूर भागिले महाराष्ट्र' हा गुणक त्याच सूत्राने चालवायचा, इथे १ कडे ओढ ठेवली तरी चालते. पॅकेजमध्ये ही दुसरी पायरी तयार नाही. मार्ग बाहेर काढून दहा-बारा ओळी स्वतः लिहाव्या लागतात. प्रोग्रामिंग न येणाऱ्याने मार्ग एक्सेलमध्ये नेऊन धक्क्यासाठी यादृच्छिक आकड्याचं सूत्र वापरलं तरी उत्तर जवळपास तेच येतं.

समाजगटांच्या बाबतीत देशाचा गटदर उचलून सोलापूरला चिकटवणं ही सर्रास होणारी चूक आहे. पाचव्या फेरीत देशभरातल्या बौद्ध समाजाचा दर १.३९ आला. देशातले तीन चतुर्थांशाहून जास्त बौद्ध महाराष्ट्रात राहतात, तेव्हा तो आकडा जवळपास महाराष्ट्राचाच आहे. इथे वापरायला हरकत नाही. मुस्लिम समाजाचा २.३६ मात्र उत्तर प्रदेश, बिहार, बंगालच्या वजनाने ठरतो. तो सोलापुरातल्या मुस्लिम वस्तीला लावणं म्हणजे गंगेच्या खोऱ्यातला पाऊस मंगळवेढ्याच्या ज्वारीला मोजणं. गटाचा राज्यातला दर राज्याच्या अहवालातून घ्यावा, आणि तोही शहर-ग्रामीण वेगळा करून, कारण देशपातळीवरच शहरी १.६ आणि ग्रामीण २.१ एवढी तफावत आहे. शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा दर २.८ आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्यांचा १.८, हा फरक धर्मांमधल्या फरकाहून मोठा आहे. शिक्षणाचा तक्ता हाताशी असेल तर अंदाज आधी त्यावर बांधावा. पुढच्या वीस वर्षांत आई होणाऱ्या मुली आज कितवीत आहेत हे तरी निश्चित कळतं.

भाषेचा प्रश्न सोलापुरात हमखास निघतो. पूर्व भागातला तेलुगू भाषक विणकर समाज, अक्कलकोटकडचा कन्नड पट्टा यांचे वेगळे अंदाज हवेत असं वाटणं साहजिक आहे. पण जनगणनेच्या मातृभाषा तक्त्यांत प्रसूतीचे आकडे नसतात. तिथे बेझटीएफआर काय, कुठलंच साधन मदत करणार नाही. वॉर्डनिहाय बालक-स्त्री प्रमाणावरून (लहान मुलं भागिले बायका) जे हाती लागेल तेवढंच.

खरी मेहनत इथेच आहे: पॅकेजला भरवायचे आकडे आणायचे कुठून?

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात टीएफआर छापलेला नसतो, आणि ते योग्यच आहे. एका जिल्ह्यात साधारण ९०० घरं पाहिली जातात. त्यांत १५ ते ४९ वयाच्या हजारेक स्त्रिया धरल्या आणि दर १.७ असला, तर तीन वर्षांत सुमारे १४६ जन्म सापडतात. लोकसंख्येत दहा टक्के असलेल्या गटाच्या वाट्याला १५. पंधरा जन्मांवरची प्रमाण चूक २६ टक्के. म्हणजे दर २.० निघाला तर खरा १.० ते ३.० यांत कुठेही असू शकतो. मूळ डेटा उतरवून घेऊन 'सोलापूर जिल्हा, अमुक धर्म' असा दर काढून देणारे भेटतात. पट्टा न दाखवता दिलेला तो आकडा व्हॉट्सॲपवर फिरण्यापलीकडे कामाचा नाही.

जन्मनोंदणीचे आकडे भरपूर, पण त्यांचा पत्ता चुकीचा. नोंदणी जन्म जिथे झाला तिथे होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. शिवाय तुळजापूर, इंडी, आळंदकडून बायका प्रसूतीसाठी सोलापुरातल्या रुग्णालयांत येतात. नोंदींना शहरातल्या स्त्रियांच्या संख्येने भागलं तर शहराचा दर फुगतो आणि लगतच्या तालुक्यांचा खाली बसतो. ऊसतोडीच्या हंगामात माळशिरस, पंढरपूर, माढ्यात मुक्कामाला आलेल्या टोळ्यांमधल्या जन्मांचीही तीच गत. यावर उतारा आहे. जन्म अहवालाच्या नमुन्यातल्या सांख्यिकी भागात आईचं राहण्याचं गाव, वय, शिक्षण, धर्म आणि आतापर्यंतची अपत्यं यांच्या नोंदी असतात. गोषवारा मागताना 'आईच्या निवासानुसार' असं स्पष्ट लिहून मागावा. नुसता 'महिनावार जन्म' मागितला की घटनास्थळाप्रमाणेच मिळतो.

जनगणनेवरून काढायचं तर सगळ्यात सोपी रीत: शून्य ते चार वयाची मुलं भागिले १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया, गुणिले सात. समजा एक लाख स्त्रिया आणि २८ हजार मुलं; उत्तर १.९६. यात स्त्रियांची वयरचना सपाट धरलेली असते. विशीच्या उत्तरार्धातल्या आणि तिशीच्या पूर्वार्धातल्या स्त्रिया जास्त असल्या की दर फुगतो. म्हणून सुधारित सूत्र: सातऐवजी १०.६५ वजा १२.५५ गुणिले २५ ते ३४ वयाच्या स्त्रियांचा वाटा. हा वाटा ०.३३ असेल तर गुणायचा आकडा ६.५१ होतो आणि दर १.८२. एकाच वस्तीचा दर १.९६ की १.८२, हे नुसतं सूत्रावर ठरतं. रे नगर किंवा कुंभारीच्या विडी घरकुलासारख्या वसाहतींत तर हे बघायलाच हवं. तरुण जोडपी एकगठ्ठा राहायला आली की मुलं वाढतात. बायकांना जास्त मुलं होऊ लागली असा त्याचा अर्थ नसतो. रे नगरच्या पहिल्या पंधरा हजार घरांचं वाटप जानेवारी २०२४ मध्ये झालं. दक्षिण सोलापूर तालुक्याच्या २०११ च्या गुणकावर त्या भागाचा अंदाज बांधणं म्हणजे वसाहत तिथे नाहीच असं मानणं.

जनगणनेत लहान मुलं मोजायची राहून जातात, आणि वय सांगताना लोक शून्य किंवा पाचने संपणारा आकडा सांगतात. म्हणून सोलापूरचा दर थेट काढण्यापेक्षा सोलापूर आणि महाराष्ट्र दोघांचा एकाच सूत्राने काढावा, गुणोत्तर घ्यावं आणि ते राज्याच्या सर्वेक्षणातल्या दराला लावावं. दोन्हीकडची सारखी चूक भागाकारात बरीचशी कटते. आणखी एक पथ्य: गुणकाचे अंश आणि छेद एकाच स्रोतातले हवेत. नमुना नोंदणी पद्धतीने २०२० साठी महाराष्ट्राचा दर १.५ दिला आहे, सर्वेक्षणाची पाचवी फेरी १.७ म्हणते. एकाचा अंश आणि दुसऱ्याचा छेद घेतला की काहीच न घडता राज्य दोन दशांशांनी घसरतं.

चालवताना काय अडतं ते आता. पहिली पायरी देशाच्या मार्गांची. स्वतः चालवायचं तर मूळ सेटिंग तीन साखळ्या (यादृच्छिक चाचपणीच्या स्वतंत्र धावा) आणि प्रत्येकी ६२ हजार फेऱ्यांचं आहे. साध्या लॅपटॉपवर ते सुरू करून वाट बघत बसायला लागतं. गरज नाही. निर्मात्यांनी पूर्ण झालेलं सिम्युलेशन उतरवून घेण्यासाठी ठेवलेलं असतं, ते घ्यावं आणि फोल्डरचा पत्ता फंक्शनला द्यावा. शिकण्यासाठी कमी फेऱ्या चालतात, पण अहवालात जाणारा पट्टा त्यातून काढू नये. साखळ्या स्थिरावल्या आहेत का हे सांगणारं निदानाचं फंक्शन आहे. ते न चालवता आलेख छापणारे बरेच. संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या आवृत्तीचं डेटा पॅकेज क्रॅन या 'आर'च्या अधिकृत भांडारात आहे, पुढच्या आवृत्त्यांची मोठी असल्यामुळे गिटहबवरून घ्यावी लागतात.

मग आपली फाइल. प्रत्येक ओळीत देशाचा क्रमांक, भारतासाठी ३५६. मग प्रदेशाचा स्वतःचा क्रमांक, नाव आणि पुढे पंचवार्षिक कालखंडांचे रकाने. रकाने टॅबने वेगळे केलेले हवेत. एक्सेलमधून स्वल्पविरामाची फाइल दिली की पॅकेजला सगळी ओळ एकच रकाना दिसते, आणि त्रुटीचा संदेश मात्र भलतंच काही सांगतो. नावं मराठीत ठेवायची तर फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी. एक्सेलचा 'युनिकोड टेक्स्ट' पर्याय यूटीएफ-१६ देतो आणि वाचताना गोंधळ होतो. तालुक्याचा क्रमांक चुकून दोन ओळींना सारखा पडला तर एकाचा अंदाज दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतो, म्हणून चालवण्याआधी क्रमांक तपासून घ्यावेत. यादृच्छिक धक्क्यांचा 'सीड', म्हणजे ते जिथून सुरू होतात तो आकडा, लिहून ठेवावा, नाहीतर पुढच्या महिन्यात तेच आकडे परत काढता येत नाहीत आणि बैठकीत उत्तर द्यायला आपण उभे.

निकालाबद्दल दोन तक्रारी. पहिली: पट्टा प्रत्यक्षाहून अरुंद असतो. नुसत्या गुणकाचा ८० टक्क्यांचा पट्टा पंचवीस वर्षांनी अधिक-उणे ०.११ येतो, म्हणजे देशाचा दर १.८ असताना साधारण ०.२. हा आकडा राज्य-प्रांताएवढ्या मोठ्या प्रदेशांच्या इतिहासावरून आला आहे. करमाळा किंवा सांगोल्याएवढ्या तालुक्याला सिग्मा वाढवूनच द्यायला हवा. शिवाय सुरुवातीचा गुणक पॅकेज अचूक समजतं, तो आपण किती ओढूनताणून काढला आहे याची त्याला कल्पना नसते. तीन-चार वेगवेगळे सुरुवातीचे गुणक देऊन चालवावं आणि सगळे मार्ग एकत्र करून पट्टा काढावा. दुसरी तक्रार: गटांची बेरीज जुळवण्याची सोय नाही. धर्मांचे अंदाज वेगळे काढले तर त्यांची सरासरी जिल्ह्याच्या अंदाजाशी जुळेलच असं नाही. टीएफआरची थेट सरासरी काढूही नये. प्रत्येक वयोगटातल्या स्त्रियांच्या वाट्याने वयवार दरांना वजन द्यावं आणि मग बेरीज करावी.

वयवार दर पॅकेज देत नाही, आणि जन्मांची संख्याही नाही. त्यासाठी त्याच कुटुंबातलं बेझपॉप लागतं. ढोबळ हिशेबाला मात्र स्त्रियांची संख्या गुणिले टीएफआर भागिले ३५ पुरतं. एक लाख स्त्रिया, दर १.७: वर्षाला ४,८५७ जन्म. पट्टा १.५ ते १.९ असेल तर ४,२८६ ते ५,४२९. मधला फरक ११४३ मुलांचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या तीस मुलांमागे एक शिक्षक या प्रमाणाने पहिलीच्या ३८ वर्गांचा. अंगणवाडी किंवा शाळेच्या खोल्या मंजूर करणाऱ्याला टीएफआरच्या दशांशापेक्षा हा ३८ चा आकडा दाखवला तर पट्टा कशासाठी असतो ते लगेच समजतं.

पर्याय म्हणून स्पेक्ट्रम या सॉफ्टवेअर संचातलं लोकसंख्येच्या अंदाजाचं डेमप्रोज बहुतेकांना माहीत असतं. तेही फुकट आहे, खिडक्यांवर क्लिक करत चालतं, वयवार लोकसंख्या छान काढून देतं. पण जिल्ह्याचा पुढचा टीएफआर ते सांगत नाही, आपणच भरायचा असतो. दोन-चार वर्षांचे आकडे दिले की मधले ते भरून काढतं. म्हणजे हा परीक्षणाचा विषयच तिथे उत्तर म्हणून नव्हे, प्रश्न म्हणून येतो. दोन्ही मिळून काम चांगलं होतं: बेझटीएफआरमधून वरचा, मधला आणि खालचा मार्ग घ्यायचा, डेमप्रोजमध्ये तीन वेगवेगळे अंदाज म्हणून भरायचा, वयवार विभागणीसाठी तयार तक्त्याऐवजी महाराष्ट्राची स्वतःची विभागणी द्यायची. ज्याला फक्त महापालिकेच्या एका आराखड्यापुरता आकडा हवा आहे आणि 'आर' उघडायची इच्छा नाही, त्याने केंद्राच्या तांत्रिक गटाचा २०११ ते २०३६ चा राज्य अंदाज घ्यावा, सोलापूरचा गुणक लावावा आणि पट्टा हाताने आखावा. बेझटीएफआरच्या वाट्याला जाऊ नये.

आज बसवलेली फाइल फार दिवस टिकणार नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि जातींची गणनाही तिच्यात व्हायची आहे. तेव्हा तालुके आणि गट यांचे क्रमांक आत्ताच असे द्यावेत की नव्या ओळी मध्ये घालता येतील: जिल्ह्याला हजाराचा एक टप्पा, तालुक्यांना त्यातले पन्नासाचे टप्पे, त्याखाली गट. आणि कुंभारीची ओळ दक्षिण सोलापूरपासून वेगळी.